उन्हाळा, टायरमधील हवा आणि एका दिव्याचा इतिहास

१/ एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि ‘उन्हाळ्यात टायरमध्ये हवा थोडी कमीच ठेवा’ हा सल्ला कानी पडू लागतो. हा समज किती घातक आहे, याची साक्ष इतिहास देतो.

२/ ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. प्रामुख्याने फोर्ड एक्स्प्लोररच्या टायरांचे थर धावत्या गाडीत सुटत होते. दोनशेहून अधिक माणसे दगावली. सदोष बांधणीबरोबरच कमी हवा आणि उष्ण हवामान यांवरही बोट ठेवले गेले.

३/ हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, आतली उष्णता वाढते आणि थर विलग होऊ लागतात.

४/ १ नोव्हेंबर २००० रोजी झालेल्या ‘ट्रेड’ कायद्याने हवेचा इशारा देणाऱ्या यंत्रणेचा नियम करणे सरकारवर बंधनकारक केले.

५/ चाकांच्या वेगातील फरकावरून अंदाज बांधणारी यंत्रणा स्वस्त होती. परंतु चारही चाकांतील हवा सारखीच उतरली तर ती फसत असे. एकाच चाकाची उणीव ओळखणाऱ्या यंत्रणेला दिलेली मुभा २००३ मध्ये न्यायालयाने अमान्य केली. २००५ च्या नियमाने, हवा २५ टक्क्यांनी घटताच इशारा देण्याचे बंधन घातले.

६/ भारतात २०२० च्या दुरुस्तीनुसार ही यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि दुरुस्ती संच असलेल्या मोटारींना स्टेपनीतून सूट मिळाली.

७/ तरीही पुणे-सोलापूर महामार्गावर निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच, कंपनीने सांगितलेला दाब तपासावा. त्या अमेरिकी नियमातही दिवा लागेपर्यंत पाव हवा गेलेली असते.