अटकेच्या वाळूतलं सोनं

अटक हे नाव ऐकलं की मराठी माणसाला झेंडे आठवतात. 1758 साली राघोबादादांच्या फौजांनी लाहोर घेतलं, तुकोजी होळकर आणि साबाजी शिंदे यांच्या तुकड्या सिंधूपर्यंत पोहोचल्या आणि ‘अटकेपार’ हा शब्द आपल्या भाषेत कायमचा राहिला. पण ज्या सिंधूवर आपले घोडे पाणी प्यायले, तिच्या वाळूत सोनं होतं आणि आजही आहे. आजच्या भागात आपण झेंडे बाजूला ठेवू आणि या सोन्याविषयी बोलू.

जानेवारी 2025 मध्ये पाकिस्तानच्या पंजाब प्रांताच्या एका माजी खाणमंत्र्यांनी जाहीर केलं, की अटक जिल्ह्यात सिंधूच्या 32 किलोमीटर पट्ट्यात 28 लाख तोळे सोनं आहे. बातमी आपल्याकडेही गाजली. मी चंडीगडला राहतो. इथल्या मित्रमंडळींत लगेच चर्चा सुरू झाली, की सिंधूत आहे तर आपल्या सतलजमध्ये का नसावं? प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. सोनं तिथे हजारो वर्षांपासून आहे, तर आजवर कुणी ते उचलून श्रीमंत कसं झालं नाही?

उत्तरासाठी सोन्याचा प्रवास समजून घेऊ.

सोनं नदीत जन्मत नाही. ते वर डोंगरात, गारेच्या शिरांमध्ये असतं. बर्फ, ऊन आणि पाऊस खडक फोडतात, दगड गडगडत ओढ्यात येतात, घासून बारीक होतात आणि त्यातलं सोनं सुटं होतं. 1867 साली सर्व्हे ऑफ इंडियाने पंडित नैनसिंह रावत यांना वेष पालटून पश्चिम तिबेटात पाठवलं होतं. ठोक जालुंग इथे, 16,000 फुटांहून उंचावर, त्यांनी सोन्याचं खणकाम पाहिलं. लोक माती खणत आणि ओढ्याच्या पाण्याने धूत. गंमत म्हणजे तिथे हिवाळ्यात जास्त माणसं कामाला असत, कारण गोठलेली माती ढासळत नाही. म्हणजे एवढ्या उंचावरही सोनं खडक फोडून नव्हे, तर माती धुऊनच काढलं जात होतं.

आता वजनाची गोष्ट. सोनं पाण्याच्या 19.3 पट जड, साधी गारेची वाळू 2.65 पट. पाण्यात बुडालेल्या वस्तूला पाणी उचलून धरतं, तेवढं वजन दोन्हींतून वजा करा. उरतं 18.3 आणि 1.65. म्हणजे पाण्याखाली सोन्याचा कण तेवढ्याच आकाराच्या वाळूच्या कणापेक्षा अकरा पट जड पडतो. आई सुपात धान्य पाखडायची, ते आठवा. फोलपट उडून जातं, दाणा सुपात राहतो. नदी हेच काम पाण्याने करते. पुराच्या जोरात सगळंच वाहतं. जोर ओसरला की आधी सोनं बसतं, मग लोहखनिजाची जड काळी वाळू, मग पांढरी वाळू, आणि गाळ पुढे निघून जातो.

म्हणून सोनं शोधणारा पाण्याचा जोर कुठे मोडतो ते पाहतो. मोठ्या धोंड्याची खालच्या अंगाची बाजू, तळखडकातल्या भेगा, दोन नद्यांच्या संगमाखालचं वाळवंट, आणि वळणाची आतली बाजू. ही शेवटची जागा सैन्यातल्या माणसाला चांगली ठाऊक असते. नदी ओलांडायची तर वळण नीट वाचावं लागतं. बाहेरच्या अंगाला प्रवाह काठ कापतो, तिथे डोह असतो. आतल्या अंगाला प्रवाह मंदावतो, तिथे उथळ पाणी आणि वाळूचा दांडा मिळतो. आम्ही जिथे उतार शोधायचो, तिथेच सोनं धुणारा काठवट घेऊन बसतो. नदीचा नियम एकच आहे.

आता अटकेचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. सिंधू काराकोरम आणि कोहिस्तानच्या अरुंद दऱ्यांतून धावत येते. तरबेलापाशी डोंगर संपतात, पात्र एकदम पसरतं, प्रवाहाच्या अनेक शाखा होतात. पुढे अटकेला काबूल नदी मिळते. वेग पडला, की ओझंही पडलं. सोनं तिथे जमतं त्यात नवल नाही.

चंडीगडच्या मागे असलेल्या शिवालिकच्या टेकड्यांतही हीच गोष्ट वाचता येते, फक्त काळ फार जुना. या टेकड्यांच्या कापलेल्या कड्यांत गुळगुळीत गोल गोटे दिसतात. गोटा गोल करते ती नदीच. हिमालयातून आलेल्या प्राचीन नद्यांनी टाकलेला हा गाळ पुढे उचलला जाऊन त्याचे डोंगर झाले. त्या गाळात सोन्याचे कणही होते. आता पावसाळी ओढे, ज्यांना इथे ‘चो’ म्हणतात, तेच डोंगर पुन्हा कापतात आणि सोनं दुसऱ्यांदा प्रवासाला निघतं. प्रत्येक प्रवासात कण आणखी झिजतो, चपटा होतो. म्हणून इथलं सोनं मिळालं तरी ते भुकटीसारखं.

ही भुकटी इतिहासात फार जुनी आहे. इराणच्या सम्राट दारयवहूला म्हणजे दरायसला हिंदी प्रांताकडून दर वर्षी 360 टॅलेंट सोन्याची भुकटी कर म्हणून मिळे, असं हिरोडोटस लिहितो. विटा नव्हेत, भुकटी. हा नदीच्या सोन्याचाच पुरावा मानायला हवा. कोल्ह्याहून मोठ्या मुंग्या सोन्याची वाळू उकरतात, ही कथाही त्याचीच. महाभारताच्या सभापर्वात युधिष्ठिराला उत्तरेकडच्या लोकांनी ‘पिपीलिक’ म्हणजे मुंग्यांचं सोनं आणून दिलं, असा उल्लेख आहे. मिशेल पेसेल या फ्रेंच प्रवाशाने 1980च्या दशकात मांडलं, की या मुंग्या म्हणजे सिंधूच्या वरच्या खोऱ्यातले मार्मोट. बिळाबाहेर ते जी माती फेकतात, ती तिथले लोक चाळत. लडाखमध्ये मार्मोटचे मातीचे ढीग मी पुष्कळ पाहिले आहेत. पेसेल यांचं म्हणणं सगळ्यांना पटलेलं नाही, पण ते अशक्य वाटत नाही.

मग हिशेब कुणी मांडला? अबुल फजलने. ज्या अकबराने 1580च्या दशकात अटकेचा किल्ला बांधला, त्याच्याच दरबारातला हा माणूस. ‘ऐन-ए-अकबरी’त तो सांगतो, की गंगा, सिंधू आणि इतर नद्यांच्या वाळूत सोनं आहे, पण ते काढण्याचे कष्ट आणि खर्च नफ्यापेक्षा जास्त होतात. चारशे वर्षांपूर्वीचं हे वाक्य आजच्या कुठल्याही खाण अहवालात चालेल.

1868 मध्ये बेडन हेन्री बेडन-पॉवेल यांनी पंजाबच्या उत्पादनांवर मोठा ग्रंथ काढला. बालवीर चळवळीचे बेडन-पॉवेल ते यांचे सावत्र भाऊ. त्यातही सिंधू, बियास, सतलज यांच्या वाळूतलं सोनं येतं आणि चित्र तेच दिसतं: पूर ओसरल्यावर काठावर बसणारी गरीब कुटुंबं, वाळू धुणं, काळी वाळू उरली की पारा घालून सोनं पकडणं, आणि दिवसाची कशीबशी मजुरी. आपल्या बाजूला बालाघाट, मंडल्याकडचे सोनझरी हेच काम करत. सराफाच्या दुकानासमोरची धूळ धुणारे झारेकरी त्यांचेच व्यवसायबंधू म्हणायचे. सोनं हाताळणाऱ्या साखळीतला सर्वांत गरीब माणूस म्हणजे ते पाण्यातून काढणारा.

आता समुद्राकडे जाऊ. सोनं नदीबरोबर किनाऱ्यापर्यंत पोहोचतं का? सिंधूचं नाही; डोंगरापासून समुद्र इतका लांब, की जाड कण केव्हाच मागे राहतात. पण जिथे सोन्याचा खडक किनाऱ्याजवळ आहे, तिथे लाटा दुसरं सूप होतात. अलास्कात नोम इथे 1899च्या उन्हाळ्यात थेट समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत सोनं मिळालं. पुढच्या वर्षी हजारो लोकांनी किनाऱ्यावर तंबू ठोकले. लोकांना वाटलं समुद्रच सोनं टाकतो आहे आणि ते संपणार नाही. किनाऱ्यावरची वाळू लवकरच धुऊन झाली. खरी रेघ मागे होती: समुद्र पूर्वी जिथवर येई, ते जुने किनारे जमिनीखाली दबले होते, आणि जाणकारांनी पुढे तिथे खणलं.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचं उदाहरण केरळातलं. वायनाडच्या सोनेरी गारेवरून येणारी चालियार नदी निलंबूरवरून बेपूरला समुद्राला मिळते. तिच्या पात्रात स्थानिक लोक पिढ्यान् पिढ्या सोनं धूत. ते पाहून 1880च्या सुमारास लंडनमध्ये वायनाडच्या नावाने कंपन्यांवर कंपन्या निघाल्या. दोन-तीन वर्षांत बुडबुडा फुटला. नदीने शतकानुशतकं गोळा केलेलं सोनं पाहून लोकांनी डोंगराचा अंदाज बांधला होता.

आणि आपलं कोकण? डोंगर जवळ, नद्या आखूड, रत्नागिरीच्या मालगुंड-काळबादेवीच्या किनाऱ्यांवर जड काळ्या वाळूचे पट्टेही आहेत. लाटांनी चोख पाखडलेले. पण त्यात आहे इल्मेनाइट, टायटॅनियमचं खनिज, सोनं नाही. सह्याद्रीच्या काळ्या कातळात सोन्याच्या शिराच नाहीत, तर नदी आणणार कुठून? काळी वाळू पाणी कसं वाहिलं ते सांगते. डोंगरात काय होतं, ते डोंगरालाच विचारावं लागतं.

म्हणून 28 लाख तोळ्यांच्या बातमीला माझा प्रश्न साधा आहे: एका टन वाळूत किती? एकूण आकडा कितीही मोठा असो, एका टनामागे मिळणारं सोनं डिझेलचा, यंत्राचा आणि माणसाचा खर्च भरून काढत नसेल, तर नदीचं पात्र उलथंपालथं होतं, पारा पाण्यात उतरतो आणि सोनं होतं तिथेच राहतं. 2023 मध्ये रोपडच्या आयआयटीला सतलजच्या वाळूत टॅन्टलम हा दुर्मिळ धातू आढळला, तेव्हाही हाच प्रश्न लागू होता. धातू आढळणं ही पहिली पायरी. तो परवडणं ही खूप पुढची.

अटकेपार गेलेल्या मोहिमेलाही हा हिशेब चुकला नाही. झेंडा लागला, पण मुलूख राखण्याइतका वसूल आला नाही, आणि दादासाहेब पुण्याला परतले ते कर्जाचा डोंगर घेऊन. त्या काठावर काय आहे आणि ते आणायला काय पडतं, हे दोन आकडे वेगळे असतात. अबुल फजलला ते कळलं होतं, काठवट घेऊन वाळूत बसणाऱ्या बाईला तर रोज संध्याकाळी कळत होतं. पुढच्या वेळी नदीत सोनं सापडल्याची बातमी आली, तर पहिला आकडा वाचून थांबू नका. दुसरा मागा.