दन्तकट्ठ : विनयातील एक लहान नियम

विनयपिटकाच्या अभ्यासकाचे लक्ष प्रथम पाराजिक, संघादिसेस अशा गंभीर आपत्तींकडे जाते. चुल्लवग्गातील ‘खुद्दकवत्थुक्खन्धक’, म्हणजे किरकोळ बाबींचे प्रकरण, बहुधा चाळूनच पुढे जाण्याची आपली रीत आहे. परंतु भिक्खुसंघाचे दैनंदिन जीवन खऱ्या अर्थाने पाहावयाचे असेल तर ते याच प्रकरणात दिसते. दात घासण्याच्या काडीचा, अर्थात दन्तकट्ठाचा, नियम तेथेच आला आहे.

प्रसंग साधा आहे. भिक्खू दातवण चावीत नसत व त्यांच्या मुखास दुर्गंधी येई. ही गोष्ट भगवंतांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी दातवण न वापरण्याचे पाच दोष सांगितले : डोळ्यांना ते हितकर नाही, तोंडास घाण येते, रसवाहिन्या शुद्ध राहत नाहीत, पित्त व कफ अन्नास वेढतात आणि अन्न रुचत नाही. हेच पाच मुद्दे अङ्गुत्तरनिकायाच्या पञ्चकनिपातातही आढळतात. यातील डोळ्यांविषयीचा मुद्दा आजच्या वैद्यकास मान्य होणार नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण येथे महत्त्वाची आहे ती कारणे देण्याची पद्धत. पाचही कारणे शरीराची आहेत. पुण्य, पाप, विटाळ यांपैकी एकही शब्द त्यात नाही.

यानंतर छब्बग्गिय भिक्खू अवतरतात. विनयात कुठल्याही सवलतीचा गैरवापर करण्यास हे सहा जण व त्यांचा परिवार सदैव तत्पर असतो! ते लांबच लांब काड्या चावू लागले आणि त्याच काड्यांनी सामणेरांना मारू लागले. सामणेर म्हणजे बहुतेक लहान मुलेच. तेव्हा काडी आठ अंगुळांहून लांब असू नये आणि तिने सामणेरास मारू नये, असे ठरले. मोडणाऱ्यास दुक्कट आपत्ती. पुढे एका भिक्खूच्या घशात अगदी आखूड काडी अडकली, म्हणून किमान माप चार अंगुळे झाले. एका मर्यादेमागे मुलाच्या पाठीवरचा मार आहे, दुसरीमागे घशात अडकलेली काडी.

याच काडीचे माप उत्तरकालीन स्मृतिवाङ्मयात कसे दिले आहे, ते मुद्दाम पाहण्यासारखे आहे. तेथे काही वचनांत काडीची लांबी वर्णानुसार उतरत जाते. ब्राह्मणाची सर्वांत लांब, शूद्राची त्याहून आखूड. प्रतिपदा, षष्ठी, नवमी, अमावास्या या तिथींना दातवण वर्ज्य ठरते. विनयात मात्र उपालि न्हावी असो की शाक्य कुळातील भद्दिय, दोघांनाही माप एकच, आणि तिथीचा प्रश्नच नाही.

हा नियम भारताबाहेरही गेला. इ.स. ६७१ मध्ये निघालेला चिनी भिक्खू इत्सिंग नालंदा येथे दीर्घकाळ राहिला. आपल्या वृत्तांतात त्याने दातवणासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि भारतीय दन्तकाष्ठ म्हणजे चिनी लोक समजतात तशी वाळुंजाची फांदी नव्हे, असे स्वदेशीयांना बजावले. पुढे १२२३ मध्ये चीनला गेलेल्या जपानी आचार्य दोगेन यांना तेथील विहारांत ही प्रथा लोपलेली दिसली. दोन-तीन हातांवरूनही भिक्खूंच्या मुखाची दुर्गंधी येई, अशी नोंद त्यांनी ‘शोबोगेन्झो’मध्ये केली आहे. काही जण बैलाच्या शिंगात घोड्याचे केस बसवून केलेल्या कुंचल्याने दात घाशीत. दोगेन यांना तो मुळीच पसंत पडला नाही. आज आपण वापरतो तो ब्रश मात्र त्याच कुळातला!

नियम काडीचा असला तरी त्याचे प्रयोजन काडीत नाही. म्हणून ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरणे विनयाच्या आशयास धरूनच आहे. आपल्या वस्त्यांतून अनेक आया-आजी दात स्वच्छ करावयाचे म्हणून मिश्री लावतात. ती भाजलेली तंबाखू आहे, तिने कर्करोग होतो, आणि पाच कारणांपैकी एकही तिला लागू पडत नाही. दाताच्या बाह्य कवचास संवेदना नसते. कीड आत पोहोचेपर्यंत दुखत नाही. दुखल्यावरच दंतवैद्याकडे जाणे म्हणजे उशिरा जाणे, ते याच कारणाने. मुलांच्या बाबतीत तर सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ येते. पालक तीही दुधाचीच समजतात व किडू देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे साडेतीन अब्ज लोकांना मुखरोग आहेत. गिरिमानन्द सुत्तातील रोगांच्या यादीत ‘दन्तरोग’ आहेच.

पाचित्तियातील एक सिक्खापद येथे आठवते. कोणी दिल्याखेरीज भिक्खूने मुखात काहीही घालू नये. अपवाद फक्त दोन, पाणी आणि दातवण. महावग्गात शिष्याने पहाटे उठून उपज्झायांना दातवण व मुखोदक द्यावे असे सांगितले आहे. आणि शिष्य आजारी पडला, तर पहाटे उठून त्याला दातवण व तोंड धुण्यास पाणी उपज्झायांनी द्यावयाचे आहे.