साजाची एकवीस पाने

देवालयाच्या जामदारखान्यातील दागिन्याला दोन मोले असतात. एक तराजूवर ठरते व बाजारभावाप्रमाणे चढते-उतरते. दुसरे घडणीत असते आणि दागिना आटवला की ते कायमचे नाहीसे होते. महाजनांनी या दोहोंपैकी दुसऱ्याचा विसर पडू देऊ नये, हे दाखविण्यास कोल्हापुरी साजाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

दूधगंगेच्या खोऱ्यातील बोरगाव, निपाणी व चिकोडी हा मुलूख 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेने म्हैसूर राज्यात गेला. तथापि लग्नाचे सोने कोल्हापूरच्या गुजरीतून आणि चांदी शेजारच्या हुपरीतून आणण्याचा येथील कुटुंबांचा परिपाठ सीमारेषेने मोडला नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंस साज हा सौभाग्यालंकार मानला जातो, आणि करवीरनिवासिनी श्री अंबाबाईच्या अलंकारांतही ठुशी, चंद्रहार व पुतळ्यांची माळ यांच्याबरोबर त्यास स्थान आहे. देवीच्या कंठी जे शोभते तेच गृहलक्ष्मीच्या कंठी असावे, असा या प्रदेशाचा भाव आहे.

परंपरेने पूर्ण साजास 21 पाने असतात. त्यांपैकी 10 पाने श्रीविष्णूच्या दशावतारांची, 8 अष्टमंगलांची, दोन माणिक व पाचू या रत्नांची आणि एक ताइताचे. मासा, कासव, शंख, कमळ, बेलपान, चंद्र अशा आकृती जवमण्यांच्या मधून मधून ओवलेल्या असतात. पोथी न वाचणाऱ्या स्त्रीच्याही गळ्यात अशा रीतीने एक लहानसे पुराणच विराजमान होत असे.

या पानांची घडण नाजूक असते. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून आकृती उठवितात व आतील पोकळीत लाख भरतात. त्यामुळे थोड्या सोन्यात भरदार दागिना सिद्ध होतो. मात्र पत्रा न फाटता ठशात उतरण्यासाठी सोने मऊ, म्हणजेच उंची कसाचे असावे लागते.

पुतळ्यांच्या माळेचा इतिहास तर सातासमुद्रापलीकडे पोहोचतो. इटलीतील व्हेनिस नगरराज्याने 1284 मध्ये पाडलेले डुकाट हे सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाचे शुद्ध सुवर्णनाणे व्यापाऱ्यांबरोबर हिंदुस्थानात आले. त्यावरील मानवाकृतींमुळे लोक त्यास पुतळी म्हणू लागले. येथील सोनारांनी त्याच्या प्रतिकृतीही घडविल्या. ख्रिस्ती संताची आकृती असलेले ते नाणे ओवून माळ झाले आणि हिंदू घरांत व देवालयांत मानाने रुळले. व्हेनिसचे प्रजासत्ताक 1797 मध्ये लयास गेले, पुतळी मात्र राहिली.

या कलेवर मोठा आघात झाला तो चीनच्या आक्रमणानंतर. जानेवारी 1963 मध्ये तत्कालीन अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या कारकीर्दीत सुवर्णनियंत्रण लागू झाले व 14 कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. 14 कॅरटच्या सोन्यात शंभर भागांत जेमतेम 58 भाग सोने. असे कठीण मिश्रण पातळ पत्र्याच्या नाजूक कामास अनुकूल नव्हे. देशभरातील असंख्य सुवर्णकारांची उपजीविका हिरावली गेली, कित्येकांनी पिढीजात व्यवसाय सोडला. कसाचे बंधन 1966 मध्ये उठले. 1968 चा सुवर्णनियंत्रण कायदा मात्र 1990 पर्यंत अमलात राहिला. हात मोडला की विद्या मोडते. कायदा मागे घेतल्याने ती परत येत नाही. अशा समयी नव्या कारागिरास जुना नमुना पाहावयास मिळावा तो कोठे? ज्या घरांनी व देवस्थानांनी जुने दागिने आटविले नाहीत, तेथेच.

नोव्हेंबर 2015 मध्ये केंद्र शासनाने सुवर्ण मुद्रीकरण योजना आणली तेव्हा हाच प्रश्न देवस्थानांपुढे नव्या रूपाने उभा राहिला. या योजनेत ठेवीदाखल दिलेला दागिना वितळवून त्याचा कस ठरविला जाई. व्याज मिळे, परंतु दागिना परत येत नसे. योजनेतील मध्यम व दीर्घ मुदतीच्या ठेवी मार्च 2025 मध्ये बंद झाल्या. तरी निधीची निकड व सोन्याचा वाढता भाव यांमुळे आटवणीचा मोह पुनःपुन्हा होणारच. भक्तांनी वाहिलेले सुटे तुकडे, वळी वा नाणी यांविषयी समितीने अवश्य विचार करावा. जुन्या घडणीचा साज, पुतळी वा रत्नजडित किरीट यांची गोष्ट वेगळी आहे.

प्रत्येक अलंकाराचे वजन, कस, रत्नांची संख्या, अर्पण करणाऱ्याचे नाव व वर्ष यांची छायाचित्रासह नोंद ठेवून दरवर्षी पंचांसमक्ष ताळा घेणे, हे महाजनांचे कर्तव्य होय. पूर्वजांनी देवीला सोन्याबरोबर घडणही वाहिली आहे. सोने पुन्हा विकत घेता येईल. ठसा हरपला, कारागीर गेला आणि दागिनाही मुशीत पडला, तर ती एकवीस पाने वाचणारा कोणी उरणार नाही.