आपल्या पायाखालची लादी

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर चार शब्द लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाड्यांचा इतिहास मी काय सांगणार? पण जी आपण रोज झाडतो, पुसतो, त्या लादीलाही इतिहास आहे. आपल्या जुन्या इमारतींतून तो आता पहारीने उखडला जात आहे. म्हणून तोच सांगते.

आपल्या आज्या-पणज्या सारवलेल्या जमिनीवर वावरल्या. पुढे कोबा आला, शहाबादी फरशी आली. मुंबईच्या बड्या इमारतींसाठी मात्र नक्षीच्या लाद्या विलायतेहून येत. त्यांत स्टोक-ऑन-ट्रेंट येथील मिंटन कारखान्याचे नाव मोठे. त्या लाद्या रंगीत मातीच्या, भट्टीत भाजलेल्या. भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी १८७२ साली उघडलेल्या, आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्या अजून पाहावयास मिळतात.

आपल्या घरांतील लादी निराळी. ती सिमेंटची, तिला भट्टी लागत नाही. लोखंडी चौकटीत नक्षीचा पितळी साचा ठेवतात आणि त्याच्या एकेका घरात रंगीत सिमेंटचे पातळ कालवण ओततात. साचा अलगद उचलला की रंग आपापल्या जागी राहतात. वर कोरडे सिमेंट, मग वाळू-सिमेंटचा थर घालून यंत्राने दाबतात आणि पाण्यात मुरवतात. रंगाचा थर जाड असल्यामुळे पिढ्यान् पिढ्या पावले पडूनही नक्षी पुसत नाही.

३१ जुलै १९२१ रोजी परळला गांधीजींच्या हस्ते परदेशी कापडाची होळी झाली. पुढच्याच वर्षी, १९२२ साली, सिधवा कुटुंबातील फिरोजशा आणि रुस्तम यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने ‘भारत टाइल्स’ची स्थापना केली. परदेशी कापड जाळता येते. परदेशी जमीन कशी जाळणार? तिच्या तोडीची लादी इथेच घडवणे, हाच त्याला उपाय. स्वदेशी म्हटले की आपल्याला चरखा आठवतो, पण ती अशी आपल्या पायांखालीही आली.

आता कामाचे सांगते. आमच्या इमारतीत मोरीचा नळ बदलताना स्वयंपाकघरातील पाच लाद्या फुटल्या. “बाई, जोड मिळायची नाही. सगळे उखडून नवे घालू,” असे मिस्त्री म्हणाला. मी आठ दिवसांची मुदत मागितली. फुटका तुकडा पिशवीत घालून पाडकामाचे सामान विकणाऱ्यांकडे हिंडले. तुकडा उलटून पाहावा: भाजलेल्या मातीची की सिमेंटची, ते पाठीवरून कळते. लांबी-रुंदी जुळली तरी जाडी मोजावी, नाहीतर पायाला ठेच लागते. रंग कोरड्या लादीवर पाहू नये. दोन्हींवर पाणी शिंपडून उजेडात पाहावा.

अखेर पाच लाद्या मिळाल्या. नक्षी तीच, पण तांबडा रंग अंमळ गडद. तेव्हा आमच्या ह्यांनी युक्ती काढली. कपाटाखालच्या पाच जुन्या लाद्या मिस्त्रीकडून जपून काढून घेतल्या, त्या मधे बसवल्या आणि आणलेल्या कपाटाखाली घातल्या. आता जोड कुठे आहे ते पाहुण्यांना ओळखता येत नाही.

भगिनींनो, सगळी जमीन जपता येईल असे नाही. कित्येक चाळी पडल्या, आणखी पडतील. नव्या गुळगुळीत फरशीला पुसण्याचे कष्ट कमी, हेही खरे. पण एका लादीपायी सारे घर उखडू नये. सिमेंटच्या लादीला ॲसिड लावू नये, लिंबाचा रस सांडल्यास लगेच पुसावा. आंबटाने रंग खातो. आणि शेजारी कोणाची जमीन निघत असेल, तर दोन-चार धड लाद्या मागून माळ्यावर ठेवाव्यात. आपल्याला नाही लागल्या, तरी कुण्या शेजारणीला लागतील.