भिवंडीची गोदामे आणि ठेकेदाराचा करार

भिवंडीतील बांधकामाचा अलीकडचा इतिहास मुख्यतः मागांच्या गाळ्यांचा आणि मालाच्या गोदामांचा आहे. १९८२ साली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाल्यावर कापडाचे बरेचसे काम येथील यंत्रमागांकडे वळले आणि शहरात गाळ्यांची दाटी वाढली. पुढे मुंबई-आग्रा महामार्गाची सोय होती आणि मुंबईची जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर पालिका घेत असलेला कर, हद्दीबाहेर लागू नव्हती; त्यामुळे काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली अशा गावांच्या भातखाचरांवर गोदामे उभी राहिली.

शेतजमिनीचा वापर बदलण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांची ‘बिनशेती’ परवानगी, तर बांधकामासाठी त्याच वर्षीच्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमान्वये नियोजन प्राधिकरणाची परवानगी आवश्यक असे. परंतु अनेक गोदामे ग्रामपंचायतीच्या ना-हरकत दाखल्यावरच बांधली गेली. २००७ मध्ये भिवंडीभोवतीच्या गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, आणि अधिनियमाच्या कलम ५३ खालील, अनधिकृत बांधकाम काढून टाकण्याची नोटीस हा या पट्ट्यातील वकिलीचा मोठा विषय बनला.

नोटीस जमीनमालकाला मिळते, पण त्याच वेळी ठेकेदाराचे देयकही अडकते, ही गोष्ट या इतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २३ नुसार बेकायदेशीर उद्देशाचा करार रद्दबातल ठरतो. ठेकेदाराचा आधार असतो तो कलम ७० चा: एखाद्याने फुकट करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये बी. के. मंडल प्रकरणात हे तत्त्व लावले. योगायोगाने तो वादही बंगालमधील आरामबाग येथे पुरवठा खात्यासाठी बांधलेल्या गोदामाचाच होता. मात्र तेथे सरकारी कराराचा विहित नमुना पाळला गेला नव्हता, बांधकामालाच मनाई नव्हती. भिवंडीच्या विनापरवाना गोदामासाठी हा आधार म्हणूनच डळमळीत आहे, आणि ठेकेदाराला खरा सल्ला पाया खणण्यापूर्वीच द्यावा लागतो.

सरकारी कामात अडचण वेगळी असते. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ नमुन्यात ठेकेदार अंदाजपत्रकी दराच्या वर किंवा खाली टक्केवारी भरतो. सरकारी बांधकाम करारांत अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम मानण्याचे कलम आढळते. उत्तर प्रदेशातील अशा एका कलमाविषयी १९८० च्या टिप्पर चंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की तो लवादाचा करार नव्हे, म्हणजेच वाद तिऱ्हाईत पंचाकडे सोपवण्याची संमती त्यातून आपोआप निघत नाही. करारातील एका वाक्याच्या शब्दरचनेवर ठेकेदाराने दाद कोठे मागायची हे ठरते.

सप्टेंबर २०२० मध्ये पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळून ३५ हून अधिक माणसे गेली. हिशेबाच्या वादांपेक्षा ही हानी फार मोठी होती, आणि भिवंडीतील बांधकामाच्या कायद्याचा विचार तिला वगळून करता येत नाही. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ ने ताबा दिल्यापासून पाच वर्षांतील संरचनात्मक दोषाची जबाबदारी विकासकावर टाकली असल्याने, तीच जबाबदारी आपल्यावर किती प्रमाणात आणि किती काळ येते, हे ठेकेदाराने विकासकाशी लेखी ठरवून घेणे आता अपरिहार्य झाले आहे.