‘जतन करा’ची साठ वर्षे: ऑटोसेव्ह का रुसते?

#थ्रेड

१/
वर्डच्या खिडकीत डावीकडे वरच्या कोपऱ्यात ‘ऑटोसेव्ह’ नावाचा एक छोटा खटका असतो. पुष्कळदा तो बंद असतो, कधी करड्या रंगात निपचित पडलेला आढळतो. आपण त्याला बिघाड म्हणतो आणि यंत्राला दोष देतो. वस्तुतः त्यामागच्या बहुतेक कारणांची मुळे संगणकाच्या इतिहासातील जुन्या निर्णयांत आहेत. तो इतिहास उलगडला की दुरुस्तीची वाटही आपोआप दिसू लागते. मित्रहो, आजचा थ्रेड या खटक्याविषयी.

२/
प्रारंभ स्मृतीपासून करू. १९५० आणि १९६० च्या दशकांतील संगणकांत चुंबकीय कड्यांची स्मृती वापरली जाई. वीज गेली तरी तिच्यातील माहिती टिके. १९७० मध्ये इंटेलची ‘११०३’ ही अर्धवाहक चिप बाजारात आली. स्वस्त आणि आटोपशीर अशा या नव्या स्मृतीने कड्यांना हळूहळू हद्दपार केले. तिच्यात दोष एकच होता: वीज गेली की सारे विसरणे. विसराळू स्मृतीतून टिकाऊ माध्यमावर मजकूर नेण्याची क्रिया म्हणजेच ‘जतन’. ही क्रिया कोणी करायची, लेखकाने की यंत्राने, हाच पुढील साऱ्या इतिहासाचा प्रश्न आहे.

३/
पहिले उत्तर ‘यंत्राने’ असेच होते. आयबीएमने १९६४ मध्ये चुंबकीय फितीचा टंकलेखक विक्रीस आणला. त्यावर टंकलेले प्रत्येक अक्षर कागदावर उमटे आणि त्याच क्षणी फितीवरही नोंदले जाई. ब्रिटिश कादंबरीकार लेन डेटन यांनी १९६८ मध्ये असे यंत्र भाड्याने घेतले. ते इतके अवजड होते की घरात आणण्यासाठी खिडकी काढून यारीने आत घ्यावे लागले. त्याच यंत्रावर सिद्ध झालेली त्यांची ‘बॉम्बर’ ही कादंबरी १९७० मध्ये प्रकाशित झाली. या यंत्रावर लिहिणे आणि जतन करणे ही एकच क्रिया होती.

४/
कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रात १९७४ मध्ये बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ‘ब्राव्हो’ हा संपादक घडवला. त्याची एक फजिती प्रसिद्ध आहे. आज्ञा देण्याच्या अवस्थेत चुकून ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टंकला, तर पहिल्या अक्षराने सारा मजकूर निवडला जाई, दुसऱ्याने तो पुसला जाई आणि पुढच्या दोन अक्षरांनी त्याच्या जागी एकटा ‘टी’ उरे! परंतु याच ब्राव्होत आणखी एक सोय होती. प्रत्येक क्रियेची नोंद तो ठेवी आणि कोसळल्यावर ती नोंद पुन्हा चालवून गेलेले काम उभे करता येई.

५/
यानंतर ईमॅक्सने एक महत्त्वाचा दंडक घातला. ठरावीक संख्येने कळा दाबल्या की (आजच्या मूळ मांडणीत ही संख्या ३०० आहे) तो मजकूर आपोआप ठेवतो, मात्र मूळ फाइलला हात लावत नाही. शेजारी वेगळ्या नावाची दुसरी प्रत करतो. आपल्या भाषेत सांगायचे तर खर्डा निराळा आणि पक्की प्रत निराळी. पक्क्या प्रतीवर मोहोर उमटवण्याचा अधिकार लेखकाचाच राहिला. ही विभागणी लक्षात ठेवा. पुढे क्लाउडने नेमकी हीच मोडली.

६/
जानेवारी १९८३ मध्ये ॲपलचा ‘लिसा’ आला. त्याचे वीजबटण दाबले तर तो उघडे दस्तऐवज स्वतः जतन करून मगच बंद होई. किंमत मात्र होती ९,९९५ डॉलर. पुढच्याच वर्षी आलेला मॅकिंटॉश २,४९५ डॉलरचा; त्यात १२८ किलोबाइट स्मृती आणि ४०० किलोबाइटच्या फ्लॉपीचा एकच चालक. फ्लॉपीवर लिहिणे मंद, खडखडाटाचे आणि काम थांबवणारे. असे माध्यम दर क्षणाला कोण वापरणार? म्हणून जतनाची आज्ञा माणसाच्या हाती राहिली. स्वयंचलित जतनाची कल्पना कोणाला सुचली नव्हती असे नव्हे. स्वस्त यंत्रांना ते परवडत नव्हते.

७/
अशा रीतीने कंट्रोल-एस ही पिढ्यांची सवय झाली आणि फ्लॉपीचे चित्र जतनाचे चिन्ह ठरले. महाराष्ट्रात या सवयीला आणखी एक कारण मिळाले: भारनियमन. २००५ च्या आगेमागे जिल्ह्याच्या गावी डीटीपी केंद्रात काम केलेल्या कोणालाही विचारा. यूपीएस ओरडू लागला की हात प्रथम त्या दोन कळांकडे धावत. मात्र या सवयीसोबत एक स्वातंत्र्यही रुजले. ‘जतन करू का?’ या प्रश्नाला ‘नको’ म्हणता येत असे आणि दिवसभराची नासधूस एका क्षणात निस्तरता येत असे.

८/
सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये वर्ड अवतरला. वर्ड ९७ मध्ये ‘ऑटोरिकव्हर’ ही सोय आली. आजही ती मुळात दर १० मिनिटांनी खर्डा बाजूला ठेवते. अनेकांची गल्लत होते ती इथेच. ऑटोरिकव्हर म्हणजे अपघातानंतरचा आधार. मूळ फाइल तो बदलत नाही. ऑटोसेव्ह मात्र थेट मूळ फाइलच बदलतो. एक चालू आहे म्हणून दुसराही चालू असेल, असे कदापि समजू नये.

९/
क्लाउडचा पाया याआधीच रचला गेला होता. एकाच मजकुरावर अनेकांनी एकाच वेळी काम केले तर बदलांचा मेळ कसा घालावा, याची रीत एलिस आणि गिब्ज यांनी १९८९ मध्ये मांडली. २००५ मध्ये ‘राइटली’ हा ब्राउझरमध्ये चालणारा लेखनमंच सुरू झाला. २००६ मध्ये गूगलने तो विकत घेतला आणि त्यातून गूगल डॉक्स उभे राहिले. मजकूर मुळातच दूरच्या सर्व्हरवर राहू लागल्याने ‘जतन करा’ हे बटण हळूहळू निरर्थक झाले.

१०/
मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसमध्ये आजचा ऑटोसेव्ह २०१७ मध्ये आला. तो काही सेकंदांच्या अंतराने बदल पाठवतो, पण एका अटीवर: फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर हवी. येथे दोन युगांची गाठ पडते. आपल्या टेबलावरचा संगणक फ्लॉपीच्या युगाचा वारसा सांगतो, तर खटका क्लाउडच्या युगाचा आहे. म्हणून खटका बंद दिसला की पुढील चार थर क्रमाने तपासावेत.

११/
पहिला थर: स्थान. फाइल संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर असेल तर ऑटोसेव्ह चालणार नाही. ती क्लाउडवरील फोल्डरमध्ये ठेवा आणि तिथूनच उघडा. शिवाय ऑफिसच्या ‘पर्याय’ या भागात ‘जतन’ विभागात क्लाउडवरील फाइलींसाठी ऑटोसेव्ह मुळातच चालू ठेवण्याची चौकट असते. तिच्यावर खूण आहे ना, हेही पाहा.

१२/
दुसरा थर: स्वरूप. ऑफिस २००७ मध्ये नवे ‘डॉक्स’ स्वरूप आले. आत पाहिले तर ते एक्सएमएल फाइलींचे एक झिप गाठोडे असते. त्यापूर्वीच्या ‘डॉक’ किंवा ‘एक्सएलएस’ फाइलींना ऑटोसेव्ह लागू होत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेला मराठी मजकूर आजही अशा फाइलींत मोठ्या प्रमाणावर पडून आहे. त्या नव्या स्वरूपात जतन करून घ्या, पण मूळ फाइल पुसू नका. स्वरूप बदलल्याने जुना फॉन्ट युनिकोड होत नाही. ते काम निराळे आहे.

१३/
तिसरा थर: कुलूप. पासवर्डने कूटबद्ध केलेली, केवळ वाचनासाठी उघडलेली किंवा दुसऱ्या दस्तऐवजात बसवलेली फाइल ऑटोसेव्हच्या कक्षेत येत नाही. एक्सेलमधील सामायिक वर्कबुकची जुनी सोय चालू असेल तरीही खटका बंद राहतो. कुलूप काढण्यापूर्वी ते कशासाठी लावले होते, याचा विचार जरूर करावा. गोपनीय कागद असेल तर कुलूप राहू द्यावे आणि कंट्रोल-एसची जुनी सवय पाळावी.

१४/
चौथा थर: मार्ग. खटका चालू दिसतो, पण बदल वर पोहोचत नाहीत. अशा वेळी क्रमाने पाहा: इंटरनेट आहे का, ऑफिसमध्ये आणि वनड्राइव्हमध्ये एकाच खात्याने प्रवेश केला आहे का, समक्रमण थांबवलेले तर नाही ना, जागा शिल्लक आहे का. वनड्राइव्हच्या मोफत खात्याला ५ गिगाबाइटच मिळतात आणि त्यात छायाचित्रेही येतात. संशय राहिल्यास फाइल बंद करण्यापूर्वी तिची एक प्रत संगणकावर उतरवून ठेवा. ही खबरदारी पहिल्या तीन थरांनाही लागू आहे.

१५/
आता उलट बाजू. ऑटोसेव्ह उत्तम चालू असतानाही घात होऊ शकतो. गतवर्षीचा अर्ज उघडून त्यावरच नवा लिहिण्याची आपली जुनी सवय. शेवटी वेगळ्या नावाने जतन करायचे हे ठरलेले. पण तोवर ऑटोसेव्हने जुना अर्ज पुसून टाकलेला असतो! २०११ मध्ये ॲपलने ओएस एक्स लायनमध्ये स्वयंचलित जतन आणून ‘वेगळ्या नावाने जतन करा’ ही आज्ञा हटवली, तेव्हाही वापरकर्त्यांनी हीच तक्रार केली होती. पुढच्या आवृत्तीत ती आज्ञा परत आणावी लागली.

१६/
उपाय दोन. जुन्या फाइलीवरून नवी करायची असेल तर प्रथम प्रत काढा, मग लिहा. आणि घात झालाच असेल तर ‘फाइल’ मेनूतील ‘माहिती’ या भागात आवृत्त्यांचा इतिहास उघडा. तिथे वेळेनुसार जुन्या आवृत्त्या दिसतात. हवी ती प्रथम वेगळी उघडून पाहावी, खात्री पटल्यावरच पूर्ववत करावी.

१७/
जुनी कागदपत्रे वाचणाऱ्याला खाडाखोड मोलाची वाटते. लिहिणाऱ्याचे मन कुठे अडखळले, ते तिच्यातून कळते. कंट्रोल-एसच्या युगात ही खाडाखोड बहुतांशी नष्ट झाली, कारण शेवटची प्रतच तेवढी उरे. ऑटोसेव्हने ती पुन्हा टिपायला घेतली आहे, पण ती राहते दुसऱ्याच्या सर्व्हरवर, त्याने ठरवलेल्या मुदतीपर्यंत. सेकंदासेकंदाचे जतन यंत्राकडे खुशाल सोपवावे. काय टिकवायचे हा निर्णय मात्र आपणच घ्यावा. महत्त्वाच्या लेखनाचा प्रत्येक टप्पा नाव आणि तारीख घालून स्वतःजवळ वेगळा ठेवावा.

(थ्रेड समाप्त)