सायकलीवरून दिसणारे प्रवरेचे खोरे



इतिहासाच्या व्याख्यानात सायकलीचे काय काम, असा प्रश्न आजचा विषय वाचून काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. इतिहास म्हटला की आपल्यापुढे दप्तरे, बखरी आणि ताम्रपट उभे राहतात. पण ज्या भूमीवर तो इतिहास घडला तिचे चढउतार बखरीत फारसे लिहिलेले नसतात. लिहिणाराला आणि वाचणाराला ते ठाऊकच असत, कारण दोघेही पायांनी किंवा घोड्यावरून हिंडणारे होते. आपण मोटारीतून जातो आणि आपल्याला ते कळेनासे झाले आहे.

सायकल ही तशी अर्वाचीन वस्तू. इंग्लंडात १८८५ साली स्टार्लीने दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरविणारी सायकल बनविली आणि १८८८ साली डनलॉपने हवा भरलेला टायर आणला. त्यानंतर जेमतेम पस्तीस वर्षांनी, १९२३ च्या ऑक्टोबरात, मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ साली परतले. आपल्या शेजारच्या नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत पुरी केली. आपल्याकडे मात्र सायकल आली ती ताशी भाड्याची, नगरपालिकेचा बिल्ला लावलेली, कॅरियरवर दुधाच्या किटल्या किंवा कापडाचा गठ्ठा बांधलेली. तिच्यावर बसून इतिहास पाहावा असे कोणाला सुचले नाही, आणि सुचले असते तरी वेळ कोणाला होता?

संगमनेर हे अशा हिंडण्यासाठी मोठे सोयीचे ठिकाण आहे. प्रवरा आणि म्हाळुंगी यांचा येथे संगम, म्हणून हे नाव. नाव जुनेच आहे. सेऊणदेशचे यादव राजे अजून देवगिरीला गेले नव्हते, सिन्नरच्या बाजूला राज्य करीत होते, त्या काळचा दुसऱ्या भिल्लमाचा शके ९२२ चा, म्हणजे इसवी सन १००० चा ताम्रपट संगमनेरचा म्हणून प्रसिद्ध आहे. गाव खोलगट जागी वसलेले. पुण्याकडे जा, चंदनापुरीचा घाट लागतो. नाशिककडे जा, कऱ्ह्याचा घाट आहे. पश्चिमेला अकोल्याकडे गेलात तर घाट असा नाही, पण रस्ता सह्याद्रीकडे हळूहळू चढतच राहतो. उतार काय तो एका पूर्वेला, नदी जाते तिकडे. मोटारवाल्याला हे कोणी सांगितले तरच कळते. सायकलवाल्याला पहिल्या पाच किलोमीटरांत कळते.

प्रथम उताराच्या बाजूनेच जाऊ. पूर्वेला सात-आठ किलोमीटरांवर जोर्वे लागते. गाव लहान, पण जगभरच्या पुरातत्त्वज्ञांच्या तोंडी त्याचे नाव आहे. डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०–५१ साली येथे खणती केली. चाकावर घडविलेली तांबूस भांडी, वर काळ्या रंगाची रेखीव नक्षी, लांब तोटीची पात्रे, आणि भाजणी अशी पक्की की खापराला टिचकी मारली तर खणकन वाजावे. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडीही मिळाल्या. पुढे अशीच खापरे नेवाशाला, दायमाबादला, घोड नदीवरच्या इनामगावला, किंबहुना कोकण आणि पूर्व विदर्भ सोडून महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी सापडली, आणि या सगळ्या संस्कृतीला विद्वानांनी जोर्वे संस्कृती असे नाव दिले. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांपैकी ही मंडळी. इसवी सनापूर्वी सुमारे चौदाशे वर्षांपासून त्यांची वस्ती होती.

मग ती गेली कोठे? इसवी सनापूर्वी हजाराच्या सुमारास प्रवरेच्या खोऱ्यातल्या या वस्त्या ओस पडल्या. इनामगावसारख्या भीमेच्या खोऱ्यातल्या गावांनी आणखी दोनतीनशे वर्षे तग धरला, पण तीही पुढे दरिद्री होत गेलेली दिसतात. पाऊसमान कमी होत गेले आणि शेती पोसेना, असे डॉ. म. के. ढवळीकरांनी प्रतिपादन केले. हे मत सर्वांनाच पटले आहे असे नाही. पण ज्यांनी या तालुक्यात दुष्काळ पाहिले आहेत त्यांना ते पटवून द्यावे लागणार नाही.

जोर्व्याच्या आसपास आज ऊस आणि हिरवळ दिसते ती पावसाची नव्हे. वर भंडारदऱ्याला १९२६ साली पुऱ्या झालेल्या धरणाचे पाणी नदीतून सोडतात, ते ओझरच्या बंधाऱ्यावर अडवितात आणि तेथून डावा व उजवा असे दोन कालवे निघतात. त्या पाण्यावर पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभारला. कालव्याकाठचा रस्ता सायकलीला फार चांगला. चढ नाही, रहदारी कमी, आणि एका हाताला मळे तर दुसऱ्या हाताला पाणी.

कालव्याच्या वर गेलात की देश बदलतो. पठार भागात आणि तळेगाव-निमोणच्या बाजूला जमीन हलकी, मुरमाड. लांबच लांब टेकाडे एकामागून एक. येथल्या माणसाने डाळिंब लावले. डाळिंबाची गंमत अशी की ते पाण्याच्या तुटीलाच फळते. झाडाला ताण द्यावयाचा, म्हणजे पाणी तोडून पाने गळू द्यावयाची, आणि मग पाणी सोडून बहार धरावयाचा. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार, यांपैकी कोणता धरावयाचा हे ज्याच्या त्याच्या विहिरीवर अवलंबून. पुण्याच्या गणेशखिंडीत १९३६ साली डॉ. चीमा यांनी निवडलेला 'गणेश' हा वाण आधी आला, अलीकडे 'भगवा' आला. तेल्या रोगाने बागाच्या बागा काढून टाकाव्या लागलेले शेतकरीही याच रस्त्यांवर भेटतात. २०२३ साली निळवंड्याच्या कालव्यातून तळेगावच्या बाजूला पाणी निघाले. जोर्वेकरांना जे साधले नाही ते एवढ्याने साधेल का, हे पुढल्या पिढीने सांगावयाचे आहे.

आता चढाकडे वळू. नैर्ऋत्येला सुमारे वीस किलोमीटरांवर पेमगिरी. येथे काही एकर पसरलेला प्रचंड वड आहे आणि लोक बहुधा तोच पाहून परततात. पण वर गड आहे. १६३३ साली दौलताबाद मोगलांनी घेतले, निजामशाही बुडाली असे दिल्लीला वाटले, आणि शहाजीराजांनी या आडरानातल्या गडावर निजामशाही वंशातल्या एका बालकाला तख्तावर बसवून कारभार आपल्या हाती घेतला. मुलाला मांडीवर घेऊन राजे स्वतः तख्तावर बसले असे सांगतात. शिवाजीराजे तेव्हा तीन वर्षांचे होते. १६३६ साली शहाजहान आणि आदिलशहा एक झाले तेव्हा हा डाव मोडला. पेमगिरीच का, हे समजावयाचे तर पायथ्याची शेवटची चढण सायकलीवरून उतरून, सायकल हातात धरून चढावी. तोफा घेऊन येथे येणाराची काय अवस्था झाली असती ते दम लागल्यावर समजते.

त्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी त्यांचे पुत्र याच खोऱ्यात सापडले होते. 'सापडले' हा शब्द मी जाणून वापरतो. नोव्हेंबर १६७९ मध्ये जालना लुटून महाराज परत फिरले. ही त्यांची शेवटची मोठी मोहीम. पुढे पाच महिन्यांच्या आत, ३ एप्रिल १६८० रोजी, ते निवर्तले. संगमनेरजवळ रणमस्तखानाने गाठले. सभासदाने बखरीत ही लढाई सांगितली आहे. तीन दिवस झुंज झाली आणि सिधोजी निंबाळकर पडले. तेवढ्यात मोगलांची आणखी कुमक जवळ येत असल्याची वार्ता आली. तेव्हा बहिर्जी नाईकाने आडवाटेने, रात्रंदिवस चालवून, महाराजांना पट्टा किल्ल्यावर नेले. तेथे विश्रांती घेतली म्हणून त्या गडाला विश्रामगड हे नाव पडले.

आपल्याकडे ही कथा सांगताना लूट आणि विश्रांती यांचे वर्णन फार होते, मधली वाट कोणी सांगत नाही. ती वाटच मुख्य आहे. पूर्वेचा उतार, म्हणजे आलेला रस्ता, शत्रूच्या हातात. लुटीचे ओझे बरोबर, जनावरे थकलेली. पुढे कोठेही जा, चढ. संगमनेर समुद्रसपाटीपासून अठराशे फुटांच्या आसपास, पट्ट्याचा माथा साडेचार हजार फूट. वायव्येकडचे हे अंतर आज सायकलीवरून, डांबरी रस्त्याने, रिकाम्या हातांनी कापावयास चांगला धडधाकट माणूस अर्धा दिवस घेतो आणि शेवटी गावकऱ्याच्या ओट्यावर आडवा होतो. मग त्या फौजेने ते रात्रीच्या अंधारात कसे कापले असेल? किती माणसे गमावली, किती लूट सोडावी लागली, यांविषयी मराठी आणि मोगल साधने एकमुखी नाहीत. हानी झाली हे उघड आहे, आणि ते लपविण्यात महाराजांचा गौरव होतो असे मला वाटत नाही. उलट, वाटाड्याच्या एका माणसावर एवढ्या थोर राजाचा जीव विसंबला होता, हे उमगल्यावर बहिर्जीचे माप कळते. ते बखरीतल्या दोन ओळींत मला कळले नव्हते. पट्टावाडीच्या अलीकडच्या वळणांवर कळले.

आडवाटेवरून आठवले. संगमनेरचेच कवी अनंत फंदी, ज्यांचा जन्म १७४४ चा, त्यांचा प्रसिद्ध फटका तर रुळलेला मार्ग सोडू नये असे बजावतो. शाहिराची आज्ञा आम्ही मोडतो खरी, पण आजचा रुळलेला मार्ग म्हणजे पुणे-नाशिक महामार्ग. तो चौपदरी झाला तेव्हा कडेची जुनी झाडे गेली, आणि त्यावरून सायकल हाकणे हीच आता बिकट गोष्ट झाली आहे.

ज्यांना जावयाचे असेल त्यांनी दिवाळीनंतर निघावे. पाऊस ओसरलेला असतो, ओढ्यांना थोडे पाणी असते, पहाटे धुके पडते. चार भाकऱ्या, पाण्याची बाटली आणि पंक्चरचे सामान बरोबर असू द्यावे, कारण पठारावर बाभळी फार. वाट चुकलात तर गुराख्याला विचारावे. गड कोठे म्हणून विचारले तर तो बोट दाखवील. जुनी वाट कोठून जाई म्हणून विचारले तर बहुधा तो थोडा चालत बरोबर येईल.